पत्ते शिका, पण आधी पान टाकायला शिका



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेलो की ज्याला धंदा करायचाय त्याने पोकरचे मूळ नियम एकदा शिकून घ्यावेत. त्यावर मेसेजचा पाऊस पडला. "सर, तुम्ही सुद्धा?" असं चार-पाच जणांनी लिहिलं. एका ताईंनी लिहिलं, "हा व्हिडिओ माझ्या मिस्टरांना दाखवू नका, ते आधीच रात्रभर त्या रमीत असतात." ताई, तुमचा राग बरोबर आहे. म्हणूनच आज नीट लिहून सांगतो. व्हिडिओत घाईने बोललेलं वाक्य अर्धवट राहतं आणि अर्धवट वाक्य लोकांना महागात पडतं.

आधी एका मुलाची गोष्ट. नाव आणि गाव सांगत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या बॅचमध्ये लांज्याकडचा एक मुलगा होता. घरची काजूची झाडं, त्यामुळे काजू फोडणीचं छोटं युनिट टाकायचं ठरलेलं. प्रोजेक्ट रिपोर्ट झाला, मशीनचं कोटेशन आलं. स्वतःचा वाटा म्हणून १ लाख ८० हजार जमवले होते, त्यात आईची दोन वर्षांची काजू-बीची विक्रीही होती. बँकेने वाटा भरायला सांगितला तेव्हा हा म्हणाला, "दोन महिने थांबा." दोन महिन्यांनी तो माझ्या ऑफिसात येऊन नुसता बसून राहिला. पैसे मोबाईलवरच्या रमीत गेले होते.

तो म्हणाला, "सर, मी वाईट खेळत नाही हो. सुरुवातीला जिंकत होतो."

मी विचारलं, "शंभर डाव वाटले, त्यातले किती न खेळता सोडलेस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "सोडायचे कशाला सर? एंट्री भरलेली असते ना!"

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे गणपतीत, पूजेच्या जागरणाला, मे महिन्यात ओटीवर पत्ते सगळेच खेळतात. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, रमी, आणि मोठी माणसं झोपली की तीन पत्ती. पण पत्त्यांमधला हिशोब आपल्याला कोणी शिकवत नाही. "पत्ते वाईट" एवढंच शिकवतात. मग एक दिवस मोबाईलवर पत्ते येतात, सोबत वेलकम बोनस येतो, आणि ज्याला हिशोब माहीत नाही तो त्यात बुडतो.

माझं मत असं: पोकरचे नियम शिका, घरी काजूच्या बिया लावून खेळा, आणि पैसे लावून कधीही खेळू नका. या तीन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. नियम नीट कळले तर पैसे का लावायचे नाहीत, तेही कळतं.

कायदा काय म्हणतो, तेवढं आधी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्हींवर या कायद्याने बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण त्याचे गेलेले पैसेही कायदा आणून देत नाही. कायदा होताच मोठ्या ॲप्सनी पैशांचे खेळ थांबवले. आता कोणी "सर, बाहेरच्या देशातलं ॲप आहे, चालतं" म्हणून लिंक पाठवली तर ती उघडूसुद्धा नका.

महाराष्ट्रात जुगाराचा कायदा १८८७ पासूनचा आहे. कॅसिनोसाठी १९७६ साली वेगळा कायदा झाला होता, तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात आणि आपल्याकडची पोरं गाडी करून तिकडे जातात. कायद्याने तिथे परवानगी आहे, पण हिशोब तोच राहतो. तो पुढे सांगतो.

दहा मिनिटांत पोकर

जगात सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. तीन पत्ती येत असेल तर तुम्हाला अर्धा आलाच.

बावन्न पानं. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग मधोमध पाच पानं उघडी मांडली जातात: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). ही पाच सगळ्यांची. तुमची दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून सगळ्यात चांगली पाच निवडायची.

पानं वाटायच्या आधी दोघांना ठरलेल्या बिया टाकाव्या लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात. पानं वाटल्यावर एकदा आणि फ्लॉप, टर्न, रिव्हरनंतर एकेकदा, अशा चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत तुमच्यासमोर पर्याय असतात: कोणी काही लावलं नसेल तर चेक करा किंवा स्वतः लावा. कोणी लावलं असेल तर तेवढंच लावा (कॉल), वाढवा (रेज) किंवा पानं टाकून द्या (फोल्ड). तीन पत्तीत ज्याला आपण "पॅक" म्हणतो, तेच फोल्ड.

पानांची किंमत, खालून वर: नुसतं मोठं पान, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, तीन सारखी आणि एक जोडी मिळून फुल हाउस, चार सारखी, आणि एकाच रंगाची सिक्वेन्स.

इथे तीन पत्तीवाले लगेच हरकत घेतात: "सर, सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी असते ना?" तीन पत्तीत बरोबर, पोकरमध्ये उलट. का ते बघा. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत साधी सिक्वेन्स ७२० वेळा बनते आणि कलर १,०९६ वेळा. म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून मोठी. पाच पानांचे संच २५ लाख ९८ हजार ९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. आता कलर दुर्मिळ झाला. किंमत दुर्मिळतेवर ठरते, आणि पानांची संख्या बदलली की दुर्मिळताही बदलते. धंद्यातही रत्नागिरीत ज्या मालाला कोणी विचारत नाही, तोच पुण्यात भाव खातो. आमसुलाचं बघा.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. पहिल्याच दोन पानांत जोडी मिळण्याची शक्यता सतरात एक. दोन एक्के मिळण्याची शक्यता २२१ मध्ये एक. म्हणजे चांगली सुरुवात फार कमी वेळा मिळते. बाकीच्या वेळी काय करायचं, तोच खरा खेळ.

पहिला धडा: सोडून देणं

नऊ जणांच्या टेबलावर जाणता खेळाडू दहातले सात-आठ डाव सुरुवातीलाच टाकून देतो. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस खेळतच नाही. तो खेळतोय. तो फक्त वाईट पानांवर बिया घालवत नाही.

मी हा धडा पत्त्यांतून शिकलो नाही. पैसे मोजून शिकलो. ट्रेनिंग सुरू करायच्या आधी मी साळवी स्टॉपला गाळा भाड्याने घेऊन मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकलं होतं. पाचव्या महिन्यातच कळलं होतं की चालत नाही. तोपर्यंत नुकसान सत्तर हजार. पण "एवढं घातलंय, आता कसं सोडायचं" म्हणत आणखी नऊ महिने ओढलं. शटर खाली केलं तेव्हा आकडा २ लाख ४० हजारांवर गेला होता. सत्तर हजार ही चूक नव्हती, ती फी होती. वरचे १ लाख ७० हजार हा माझा हट्ट होता.

पोकरमध्ये एक नियम मनात कोरावा लागतो: मधे टाकलेल्या बिया आता तुमच्या नाहीत. त्या पॉटच्या आहेत. पुढची बी टाकताना फक्त पुढचा विचार करायचा. लांज्याचा तो मुलगा "एंट्री भरलेली असते ना" म्हणाला, आणि मी "गाळ्याचं डिपॉझिट भरलंय ना" म्हणत होतो. फरक काही नाही. त्याच्याकडे पत्ते होते, माझ्याकडे कव्हर आणि चार्जर.

दुसरा धडा: किती लावून किती मिळणार

समजा पॉटमध्ये ५० बिया आहेत. समोरच्याने १० लावल्या. आता पॉट ६०, आणि तुम्हाला १० टाकायच्या आहेत. तुम्ही टाकल्यावर एकूण ७०. म्हणजे सातातून एकदा जरी जिंकलात तरी बरोबरी. तुम्हाला कलर व्हायला एक पान हवंय आणि एकच पान उघडायचं बाकी आहे. न दिसलेली पानं ४६, त्यांत तुमच्या कामाची ९. जवळपास पाचात एक. सातात एक लागत होतं, पाचात एक हातात आहे. टाका बिया.

आता दुसरा डाव. पॉट २०, समोरच्याने २० लावल्या, तुम्हालाही २० टाकायच्या. एकूण ६०. इथे तिनातून एकदा जिंकायला हवं. तुमची शक्यता तीच, पाचात एक. सोडा. पानं तीच, मन तेच, पण निर्णय उलटा, कारण भाव बदलला.

आपल्या आंब्यावर लावून बघू. समजा, शेवटच्या मोहराला वाचवायला फवारणी आणि मजुरी मिळून १२ हजार खर्च आहे. फळ टिकलं तर तोडणी, पेटी, वाशीचं भाडं आणि दलाली वजा जाऊन ४० हजार हातात येतील. थ्रीप्स आहे, वरून ढगाळ हवा. अनुभवावरून तुम्ही म्हणता, पाचात एकदा टिकेल. पाचात एकदा ४० हजार म्हणजे सरासरी ८ हजार. ८ हजारांसाठी १२ हजार घालायचे नाहीत. हवा उघडली आणि शक्यता पाचात दोनवर गेली तर सरासरी १६ हजार. मग फवारणी करा. शक्यतेचा आकडा अंदाजाचा असेल, चालेल. पण कागदावर लिहा. "बघू, देव करेल ते" यावर बागायत टिकत नाही, कर्ज मात्र टिकतं.

महाभारताच्या वनपर्वात नलाची गोष्ट आहे. द्यूतात राज्य घालवलेला नल वेषांतर करून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत राजा बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नल रथ थांबवतो, मोजतो, आकडा बरोबर निघतो. तेव्हा तो राजाकडून ती विद्या, अक्षहृदय, शिकून घेतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या देतो. पुढे त्याच विद्येने गेलेलं राज्य परत मिळवतो. ही गोष्ट कोणाला सांगितली जाते? नुकतंच सगळं हरून वनात आलेल्या युधिष्ठिराला. आपल्याकडे बाग खंडाने घेणारा व्यापारी कलमाखाली उभा राहून किती पेट्या निघतील ते सांगतो, तोही ऋतुपर्णाच्याच गावचा. मोजणं ही विद्या आहे आणि ती शिकता येते.

तिसरा धडा: निकाल वेगळा, निर्णय वेगळा

तुमच्याकडे दोन एक्के, समोर दोन राजे. सगळ्या बिया आत. तरीही पाचातून साधारण एकदा तुम्ही हराल. हरलात म्हणून एक्के लावायला नको होते असं होत नाही. आणि कोणी सत्ता-दुर्री घेऊन जिंकला म्हणून तो शहाणा ठरत नाही.

आपल्याकडे उलट चालतं. शेजाऱ्याने काही न बघता कर्ज काढून होमस्टे बांधला, त्या वर्षी पर्यटक आले, तो हुशार ठरला. दुसऱ्याने नीट हिशोब करून आंबापोळीचं युनिट टाकलं, मे महिन्यात अवकाळी पडला, तो मूर्ख ठरला. ॲनी ड्यूक नावाच्या माजी अमेरिकन पोकर खेळाडू आहेत. त्यांनी २०१८ साली निर्णयांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात निकालावरून निर्णय जोखण्याच्या या सवयीवर त्या भरपूर बोलल्या आहेत. माझ्या बॅचमध्ये मी एक वही ठेवायला सांगतो: मोठा खर्च करायच्या दिवशी त्यात लिहायचं, का करतोय आणि काय झालं तर थांबणार. सहा महिन्यांनी वही उघडा. नशीब किती आणि अक्कल किती, ते तिथे दिसतं.

चौथा धडा: सगळं एका डावात नको

जाणता खेळाडू आपल्या खेळाच्या रकमेचा विसावा भाग, फार तर तेवढाच, एका टेबलावर आणतो. कारण चांगलं खेळूनही सलग दहा डाव हरता येतात, आणि अकराव्याला बसायला बिया उरल्या पाहिजेत. धंद्यात विसावा भाग जमणार नाही, मान्य. पण मुद्राचं कर्ज, बायकोचे दागिने आणि भावाकडून घेतलेले उसने, हे तिन्ही एकाच हंगामात घालू नका. पहिल्या हंगामात दोनशे बाटल्या सरबत करा. दोन हजार नको.

आता दुसरी बाजू

माझंच खरं करून थांबलो तर ते प्रामाणिक होणार नाही. धंदा म्हणजे पोकर नव्हे.

पोकरमध्ये तुम्ही जिंकता तेच समोरचा हरतो. नवी बी कुठून येत नाही. धंद्यात गिऱ्हाईक पैसे देऊन खूश होऊन जातं आणि पुढच्या वर्षी परत येतं. ज्याने गिऱ्हाइकाला समोरचा खेळाडू समजला, तो एकदाच जिंकतो. पोकरमध्ये थाप, म्हणजे ब्लफ, खेळाचा भाग आहे. इथे परराज्यातला आंबा रत्नागिरी हापूस म्हणून पेटीत भरणं हाही ब्लफच, आणि त्याची किंमत सगळ्या जिल्ह्याने मोजलीय. घासाघीस करताना आपली पानं झाकून ठेवा, मालाबद्दल मात्र सगळी पानं उघडी.

आणि तो राहिलेला हिशोब. कॅसिनो असो की ॲप, पोकरच्या पॉटमधून टेबल चालवणारा आपला हिस्सा काढतो. दहा जण सारख्याच कुवतीचे असतील तर रात्रीच्या शेवटी दहाही जणांकडे मिळून कमीच उरतं. तिथे रोजच्या रोज, न चुकता कमावणारा एकच, ज्याच्या हातात पत्ते नसतात. त्यात ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला होता. एवढं मार्जिन आधीच कापलं जाणारा धंदा तुम्ही कराल का? मग खेळ कशाला?

"पण सर, कौशल्याचा खेळ आहे ना?" सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात रमी मुख्यतः कौशल्याची आणि तीन पानी खेळ नशिबाचा, असा फरक केला होता, खरं आहे. पोकरमध्येही कौशल्य आहे. अहो, क्रिकेटमध्येही आहे. म्हणून तुम्ही वानखेडेवर ओपनिंगला जाता का? कौशल्याच्या खेळात नवशिक्याचे पैसे जास्त खात्रीने जातात, कारण समोर कौशल्यवाला बसलेला असतो.

आणि ज्यांना आधीच सवय लागलीय त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, हा लेख तुमच्यासाठी नाही. बिया लावूनसुद्धा खेळू नका. घरच्यांना आकडा खरा सांगा आणि टेलिमानस १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे.

या रविवारचा गृहपाठ

घरातले चार-पाच जण जमवा. प्रत्येकाला शंभर काजूच्या बिया, किंवा चिंचोके. तासभर होल्डेम खेळा. शेजारी वही ठेवा आणि तीनच गोष्टी लिहा: किती डाव सोडले, किती वेळा "आता एवढं टाकलंय तर" म्हणून पुढे गेलात, आणि त्यातून किती बिया गेल्या. वयात आलेली मुलं असतील तर त्यांनाही बसवा. ओटीवर बिया हरलेल्या पोराला मोबाईलवर पैसे हरायची घाई राहणार नाही, असं मला वाटतं.

लांज्याचा तो मुलगा आता दुसऱ्याच्या काजू युनिटमध्ये कामाला आहे. दर महिन्याला आईच्या खात्यात पैसे भरतो. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मशीनवाल्याने सेकंडहँड मशीन स्वस्तात देतो म्हणून फोन केला होता. मी नाही म्हटलं. अजून वाटा पुरता जमला नाही."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. हे त्याने सोडलेलं पहिलं पान होतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तुम्ही किती डाव सोडलेत, ते नक्की कळवा.